म्होरक्याची मुंडी

१

माझ्या वर्गात पोरं गप्प बसलेली मला चालत नाहीत. हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते. उंब्रजच्या आमच्या कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवता शिकवता माझे केस पांढरे व्हायला लागले, आणि एवढ्या काळात मी एकच गोष्ट जीव तोडून शिकवली. बाई सांगतात म्हणून मान डोलवायची नाही. पटलं नाही तर विचारा, भांडा, बाईंची चूक काढा. चूक काढणाऱ्याला मी स्टँडसमोरची भेळ खायला घालते. राग माझ्या नाकावरच असतो, आवाज खणखणीत, आणि पोरं मला पाठीमागे 'तोफ' म्हणतात हेही मला ठाऊक आहे. म्हणू देत. तोफेशी भांडायला शिकलेलं पोर पुढे कुणाच्या बापाला भीत नाही.

या शिकवणीचा कळस म्हणजे माझी स्वतःची मुलगी, मयूरी. यंदा ती माझ्याच वर्गात, अकरावीला. वर्गात मला 'बाई' म्हणते, घरी 'आई' म्हणते, आणि भांडते दोन्हीकडे सारखंच. तिचा बाप मुकुल सांगलीला हळदीच्या अडतीवर नोकरीला आहे, खोली घेऊन राहतो आणि शनिवारी घरी येतो. तो म्हणतो, "सुहासिनी, तुम्ही दोघी बोलायला लागलात की मला परतीची बस आठवते."

भांडणाचा विषय ठरलेला. मला वाटतं, तिने डॉक्टर व्हावं. डोकं आहे, हात स्थिर आहे, रक्त बघून चक्कर येत नाही, आणखी काय हवं? तिला मात्र जमिनीतून जुनी खापरं उकरायची आहेत. "आई, डॉक्टर तुला व्हायचं होतं ना, मग तू हो की. मला कशाला घोड्यावर बसवतेस?" असं तोंडावर म्हणते. मी चिडते, भांडी आपटते, आणि ओट्याकडे तोंड करून गालातल्या गालात हसते. पोरीचं डोकं तिचं स्वतःचं आहे. तेवढं शाबूत राहिलं तर मला बाकी काही नको. हे मी मुकुलला कितीदा सांगितलंय. तिला कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर डोक्यावर बसली असती.

जानेवारीत आमचं मेंदूचं प्रात्यक्षिक असतं. वर्गात बेडूक कापणं बंद झालं तेव्हा बाकीच्यांनी भिंतीवर तक्ते टांगले आणि सुटले. मी बाजारातल्या धनाजी खाटकाकडून मुंडी आणते. ती तशीही कुणाच्या तरी रश्श्यात जाणार असते, जाता जाता चार पोरांना शहाणं करते.

२

यंदा धनाजीकडे जावं लागलं नाही.

माझ्या वर्गात समीक्षा नावाची मुलगी आहे. माणदेशातल्या मेंढपाळाच्या घरची, इथे मावशीकडे राहून शिकते. तिचा आजा तात्याबा दिवाळी झाली की कळप घेऊन आमच्या बाजूला उतरतो, ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवतो, आणि पाऊस जवळ आला की परत जातो. प्रात्यक्षिकाच्या सकाळी समीक्षा त्याला घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. त्याने वहाणा बाहेर काढल्या होत्या आणि हातात पिवळ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं.

"आवं बाई, मुंडी आणलीया तुमास्नी."

"बरं केलंत बाबा. काय द्यायचं याचं?"

त्याने जीभ चावली. "ह्याचं काय घेत न्हाईत. म्होरक्या हुता ह्यो माजा. म्होरं ह्यो चालायचा आन मागनं समदा कळप."

"मग कापलात कशाला?"

"म्हातारा झाला. म्याबी झालो. कळप दिऊन टाकला बगा औंदा. ल्योक पुण्याला कंपनीत हायती, रानात फिराय कोण हाय?" त्याने गाठोडं जरा वर उचललं. "म्होरक्याची मुंडी आमी इकत न्हाई, पंगतीतबी वाडत न्हाई. जो म्होरं चालणार त्याच्या हातात द्याची. घरात तसं कुणी ऱ्हायलं न्हाई. ही येक नात ऱ्हायली, ती तुमच्या मागं निगाली. मग मान तुमचाच न्हवं?"

समीक्षा लाजून फरशीकडे बघत होती. मी वाईची, गंगापुरीत वाढलेली. माहेरी अंडं उकडायचं तर परसात वेगळ्या पातेल्यात. मला आजवर शाली मिळाल्या, नारळ मिळाले, मानाची मुंडी मिळाली नव्हती. खरं सांगते, मला भरून आलं. आयुष्यभर ज्या जनावराच्या मागे चालला, त्याचं डोकं तो माणूस एका मास्तरणीला देत होता. मी दोन्ही हात पुढे केले.

"पयला हात तुमचाच लागू द्या," तो म्हणाला. "मग कुणाचाबी लागंना."

"पहिला हात दरवर्षी माझाच असतो, बाबा."

त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. तो वहाणा घालून जिना उतरला. नातीला 'येतो' म्हणायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

३

आमची प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर आहे आणि खिडकीखालून हायवे जातो. दिवसभर ट्रकची घरघर. तिची इतकी सवय झालीय की ती बंद पडली तरच कुणाचं लक्ष जाईल.

मधल्या टेबलावर ट्रे, भोवती गोल करून स्टुलं. माझी जागा फळ्याला पाठ लावून. मी मुंडीच्या कपाळावरचा भंडारा पुसला, कातडी सोडवली, बारीक करवतीने कवटीला फिरून खाच घेतली आणि छिन्नी घातली. नारळ फुटावा तसा आवाज झाला. टोपण उचललं. आत मेंदू, मुठीत मावेल एवढा, वळ्यावळ्यांचा. हात चालू होते तसं तोंडही चालू होतं. विज्ञानाचा इतिहास मी असाच शिकवते, हाताला रक्त लागलेलं असताना.

रोममधल्या एका जुन्या वैद्याची गोष्ट मी दरवर्षी सांगते. माणसाचं प्रेत फाडायची त्याला सोय नव्हती, म्हणून तो बैल, डुकरं, मेंढ्या कापायचा. मेंढीच्या मेंदूखाली, कवटीच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांची एक जाळी असते. त्याने लिहून ठेवलं की माणसालाही असते. माणसाला ती नसते. पण पुढे हजार वर्षांहून जास्त काळ युरोपात हेच चाललं. प्राध्यापक उंच खुर्चीत बसून त्याचं पुस्तक वाचायचे, खाली न्हावी प्रेत कापायचा, आणि भोवती उभे असलेले विद्यार्थी ती नसलेली जाळी बघायचे. खोटं बोलत नव्हते बरं का. त्यांना ती दिसायची.

"कारण डोळे त्यांचे होते, पण बघत खुर्चीतला माणूस होता," मी म्हटलं. "आपल्याकडे हे चालणार नाही. दिसेल ते काढा. माहीत आहे ते काढू नका, बाई म्हणतात ते तर मुळीच काढू नका."

मेंदू उचलून मी सुईच्या टोकाने कवटीतली ती जाळी दाखवली. मग दरवर्षीची माझी खोड केली. लहान मेंदूवर सुई ठेवून ठणकावून सांगितलं, "हा मोठा मेंदू." ही चूक मी मुद्दाम करते. कुणीतरी फटकन पकडतं, वर्ग हसतो, भेळ ठरते. गेल्या वर्षी चौघांनी एकदम पकडली होती.

यंदा कुणी बोललं नाही. पेन्सिली खसखसत होत्या. मी मयूरीकडे बघितलं. माझी चूक दिसली की तिच्या भुवया आधी भांडायला उठतात. ती खाली मान घालून काढत होती.

विषयच असा रंगवला होता की पोरं गुंग झाली, असं मी मनाशी म्हटलं आणि स्वतःवर खूश झाले.

४

चित्रं मी घरी तपासायला आणली. पहिलं उत्तम होतं. दुसरंही उत्तम. तिसरं हातात घेतलं आणि मी चष्मा पुसला.

सगळी चित्रं एकच होती. सारखी म्हणत नाही मी, एकच. मी दोन कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावले. रेघ रेघेवर बसली.

कॉपी करणाऱ्यांवर माझा राग जगजाहीर आहे. मी लाल पेन उघडलं. मग मला कोपऱ्यातला अंगठा दिसला. प्रत्येक चित्रात खाली डावीकडे, ट्रेच्या कडेवर, एक अंगठा होता आणि त्याच्या पेरावर पट्टी होती. आदल्या दिवशी विळीवर माझा अंगठा कापला होता, ती पट्टी. ट्रे हलू नये म्हणून मी डाव्या हाताने धरला होता.

साईराज नावाचा मुलगा माझ्या बरोब्बर समोर बसतो. त्याला कवटीची पलीकडची बाजू दिसत होती आणि माझा अंगठा तर कवटीच्या आड होता. त्याच्याही चित्रात अंगठा होता. पोरं गोल बसलेली आणि चित्रं सगळी माझ्या जागेवरून काढलेली.

"मयू," मी हाक मारली, "कुणी फोटो काढला का गं? ग्रुपवर फिरवला?"

"नाही," ती म्हणाली.

"मग तुझ्या चित्रात माझा हात कसा आला?"

"दिसला तो काढला."

फोटोच असणार, माझं ठरलं. पोरं मोबाइलवर काय काय करतात, आपल्याला पत्ता नसतो. फक्त एक अडचण होती. तसा फोटो काढायला कुणीतरी माझ्या जागी उभं राहायला हवं होतं. माझ्या मागे फळा होता. फोटो काढणाऱ्याला माझ्या डोक्यात शिरून काढावा लागला असता. मी कागद बाजूला सारले आणि पोळ्या लाटायला घेतल्या. त्या दिवशी मयूरीने कशालाच नाक मुरडलं नाही, दुधीच्या भाजीलासुद्धा.

५

शंका आली की प्रयोग करायचा, ही माझी जुनी रीत. मेंदू फॉर्मालिनमध्ये ठेवलाच होता. पुढच्या तासाला तो परत ट्रेमध्ये काढला. मोबाइल सगळ्यांचे गोळा करून कपाटात कुलूप लावून ठेवले. स्टुलांच्या मधे अंतर पाडलं. "पुन्हा काढायचं. वरून दिसतो तसा. आणि मी बघणारच नाही," असं म्हणून मी सरळ खिडकीशी गेले आणि वर्गाकडे पाठ केली.

खाली सर्व्हिस रोडला उसाचा ट्रॅक्टर थांबला होता. मागच्या ट्रॉलीचं चाक बसलं होतं. ड्रायव्हर डोक्याला लाल टॉवेल गुंडाळून चाकाशी उकिडवा बसला होता, आणि वर उसाच्या ढिगावर एक बाई पाय सोडून दातांनी ऊस सोलत होती. मी नुसती बघत राहिले. मागे पेन्सिलींचा आवाज चालू होता. नीट ऐकलं तेव्हा कळलं की तो एकाच पेन्सिलीसारखा होता. सगळ्या एकदम थांबत होत्या आणि एकदम सुरू होत होत्या.

मी वळले आणि सगळ्यात जवळचा कागद उचलला. तो मयूरीचा होता. त्यावर खिडकीचे गज होते. गजांच्या पलीकडे ट्रॅक्टर, बसलेलं चाक, उकिडवा माणूस, ढिगावरची बाई. खाली तिच्या सुबक अक्षरात नाव घातलं होतं, 'मेंढ्याचा मेंदू, वरील बाजू'.

मी फिरून सगळ्यांचे कागद बघितले. मग साईराजसमोर उभी राहिले.

"काय काढलंयस हे?"

"मेंदू, बाई. दिसला तसा."

"ट्रेमध्ये बघ. तिथे ट्रॅक्टर आहे?"

त्याने ट्रेकडे बघितलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, उर्मटपणाने नाही, शांतपणे, माझी वाट बघत असल्यासारखा. मला राहवेना. मी स्वतःच ट्रेकडे बघितलं.

"नाही बाई," तो लगेच म्हणाला. "मेंदू आहे." आणि सगळा वर्ग म्हणाला, "मेंदू आहे."

मी काही भित्री बाई नाही. वाईला घाटावर मी एकटीने साप मारलाय. पण त्या क्षणी मला त्या खोलीत थांबवेना.

६

कळप दिला तरी तात्याबाचा मुक्काम अजून हायवेच्या पलीकडच्या रानातच होता. त्याला गाठायचं आणि विचारायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. काय विचारणार होते देव जाणे. मी जिना उतरले, फाटकातून बाहेर पडले, सर्व्हिस रोड ओलांडून हायवेच्या कडेला आले. भुयारी रस्ता लांब पडतो, म्हणून लोक दुभाजकाच्या फटीतून पलीकडे जातात. पोरांना मी त्यासाठी किती शिव्या दिल्या असतील. त्या दिवशी मीच निघाले.

डांबरावर पाऊल टाकायला उचललं, आणि एक कंटेनर असा हॉर्न वाजवत अंगाजवळून गेला की पदर उडाला. मी झटक्यात मागे सरकले. तो आवाज विरला तसा मागे दुसरा आवाज आला. पुष्कळ चपला-बूट एकदम मागे घासल्याचा.

मी मान वळवली. सगळा वर्ग माझ्या मागे उभा होता. रांग नव्हती. खांद्याला खांदा लावून, एकमेकांत दाटीने, हायवेच्या कडेला. मयूरी सगळ्यांत पुढे, हाताच्या अंतरावर. तिने डावं पाऊल नुकतं खाली टेकवलं होतं. मीही डावंच उचललं होतं. गाड्या सुसाट जात होत्या, पोरांचे केस वाऱ्याने उडत होते, आणि एकाचीही नजर रस्त्यावर नव्हती.

मी ते पाऊल टाकलं असतं तर काय झालं असतं, हे मी अजून पूर्ण मनात आणू शकत नाही. आलं की तिथेच थांबवते.

"मागे फिरा," मी ओरडले. "वर्गात चला, आत्ताच्या आत्ता."

माझ्या त्या आवाजाने बाजारातली कुत्रीसुद्धा उठतात. एक पोर हललं नाही. शब्द त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. मग मी स्वतः वळले, त्यांच्यामधून वाट काढली आणि कॉलेजकडे चालू लागले. मागे पावलं वाजू लागली. हळू चालले की हळू, भरभर चालले की भरभर.

जिना चढून प्रयोगशाळेत आलो. घंटा झाली, दारातून दुसऱ्या वर्गाची पोरं घुसली, आरडाओरडा झाला, आणि माझी पोरं दप्तरं उचलून एकमेकांना ढकलत निघून गेली. अगदी रोजच्यासारखी. मी ट्रेशेजारी बसून राहिले. बाई चिडून बाहेर गेल्या, पोरं गंमत बघायला मागे आली, यात एवढं काय? असं मी स्वतःला समजावलं, आणि ते जवळजवळ पटलंही.

७

पटू नये असं कुणाला वाटतच नव्हतं. प्राचार्य हंबीरराव सरांनी मला बोलावून घेतलं. "बाई, तुमच्या वर्गाला झालंय तरी काय? काय शिस्त, काय शिस्त. एक पोर हू की चू करत नाही." मी म्हटलं, "सर, तेच तर म्हणतेय मी." ते हसले आणि चहा मागवला.

पालकांच्या सभेत आया माझे हात धरत होत्या. एकीचा मुलगा आता पहाटे आपणहून उठतो. दुसरीच्या मुलीने चहातली साखर सोडली. साईराजची आई सांगत होती, "बाई, जेवता जेवता मधीच हात थांबतोय बगा त्याचा. कुटं बगत बसतोय कुणास ठावं. पर आब्यास लय करतोय." मी पहाटे उठते. चहात साखर घेत नाही. जेवताना हल्ली माझा हात थांबत होता. योगायोग म्हणतात तो असाच असतो, मी म्हटलं, आणि पुढच्या आईकडे वळले.

तात्याबा गावी परत गेला होता. समीक्षाकडून नंबर घेऊन मी फोन लावला. सगळं सांगितलं. वेड्यासारखं वाटत होतं तरी सांगितलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मग चांगलंच की वो बाई. पोरं वळणाला लागली."

"बाबा, मला हे नकोय. परत कसं करायचं ते सांगा."

"परत?" त्याला प्रश्नच कळला नसावा. "कळपाला परत काय असतंय? तुमी काय वंगाळ वाटंनं जाणार हाय व्हय?"

"नाही."

"मग भ्याचं कशाला? तुमी बिनघोर चाला."

त्याने मोठ्या मायेने फोन ठेवला. मला त्याचा राग करता येईना.

त्याच दिवशी जेवताना मयूरी म्हणाली, "आई, मी डॉक्टर होते."

या एका वाक्यासाठी मी किती भांडी आपटली होती. माझा हात ताटात तसाच राहिला. "का गं?" मी विचारलं.

"डोकं आहे, हात स्थिर आहे, रक्त बघून चक्कर येत नाही. आणखी काय हवं?"

तिचाही हात ताटात होता. बोटं भातात तशीच रुतलेली, जशी माझी.

"आणि तुझी खापरं? ते उकरणं?"

ती माझ्याकडे बघत थांबली. मी मनात म्हटलं, बाळा, बोल काहीतरी, शिवी दे मला. तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली. आतून कुणीतरी दाराला धक्का दिल्यासारखी. मग ती आठी गेली.

"कसली खापरं?" ती म्हणाली.

मी ताट सारलं आणि मोरीत जाऊन रडले. त्या भांडखोर पोरीवाचून मला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

८

अंतर पडलं की सुटेल, असा मी हिशेब केला. मी हार मानणाऱ्यातली नाही. शिवाय यात तर्क होता. माझ्या नजरेआड गेली तर माझ्याकडे बघून वागायला तिला मी दिसणारच कुठे? तिला मी मुकुलकडे सांगलीला पाठवायचं ठरवलं आणि त्याला स्टँडवर घ्यायला यायला सांगितलं.

'जा' म्हणून ती जाणार नव्हती, म्हणून सांगलीच्या एसटीत आधी मी चढले. ती मागून चढली. मी खिडकीशी बसले, ती शेजारी बसली. मग उठून तिला आत सरकवलं, शेजारी एका पोत्यावाल्या मावशींना बसवलं, आणि भराभर खाली उतरले. बस हलली तेव्हा ती सीटवरून अर्धी उठलेली मला काचेतून दिसली. मावशींचं पोतं आडवं होतं. बस वळणावर गेली आणि मी मोकळा श्वास घेतला.

दिवस मावळायच्या आत मुकुलचा फोन आला. आवाज आनंदी होता.

"पोचली गं बाई तुझी लेक. अशी शहाण्यासारखी वागतेय की बघत राहावं. आणि डॉक्टर व्हायचं म्हणते. घे, जिंकलीस शेवटी."

"काय करतेय ती?"

"काही नाही. खुर्चीत बसलीय, भिंतीकडे तोंड करून."

मी खुर्चीत बसले होते. समोर भिंत होती. बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिटी झाली. मी सावकाश उठून उभी राहिले.

"उठली," मुकुल म्हणाला. "काय हवंय मयू? ...काही बोलत नाही."

मी खाली बसले.

"बसली परत. अगं, हिची तब्येत बरी आहे ना?"

माझा डावा हात कपाळाकडे गेला. तो जाऊ नये म्हणून मी खूप प्रयत्न केला, पण तो गेला होता.

"डोक्याला हात लावून बसलीय बघ. दुखतंय वाटतं. गोळी देऊ का?"

"मुकुल, फोन दे तिला."

फोन तिच्या हातात गेला. मला तिचा श्वास ऐकू आला. माझ्या श्वासाबरोबरच तो आत जात होता आणि बाहेर येत होता, तरी तो तिचा होता, लहानपणापासून मी तो झोपेत ऐकलाय. मी सगळा जीव आवाजात आणला.

"मयू, माझ्याशी भांड."

पलीकडून, त्याच क्षणी, तिच्या आवाजात आलं, "मयू, माझ्याशी भांड." माझाच राग, माझंच रडू, शब्दागणिक.

"तू माझं काही ऐकू नकोस," मी म्हटलं, आणि तिनेही म्हटलं.

मागून मुकुलचं हसू ऐकू आलं. "अगं, दोघी एकदम काय बोलताय? एकीने तरी आधी बोला."

मी तोंड घट्ट मिटलं. पलीकडेही शांत झालं. ती आधी बोलेल म्हणून मी थांबले आहे. फोन धरून हाताला रग लागलीय, पण मी हात बदललेला नाही.